‘त्याने यावं असं वाटत होतं’ हे स्पॅनिशमध्ये कसं म्हणायचं? इम्पर्फेक्ट सबजंक्टिव्हबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडची बरीच मंडळी हल्ली स्पॅनिश शिकतात. कुणी जहाजावर नोकरीला आहे, कुणाचा तारकर्लीत होमस्टे आहे, कुणाला परीक्षा द्यायची आहे. साधा भूतकाळ येईपर्यंत सगळे खुशीत असतात. मग हे प्रकरण येतं आणि वर्गातली उपस्थिती रोडावते. शिकवताना पुन्हा पुन्हा कानावर आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. स्पॅनिश शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत, म्हणून पुस्तकात ‘व्ही’ असेल तिथे ‘ब’ दिसेल आणि ‘एच’ गायब असेल. लॅटिन अमेरिकेतला उच्चार धरला आहे.

हे इम्पर्फेक्ट सबजंक्टिव्ह म्हणजे नक्की काय?

शाळेत मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. ‘तो येतो’ हा स्वार्थ, ‘ये’ हा आज्ञार्थ, ‘त्याने यावं’ हा विध्यर्थ आणि ‘तो आला असता तर’ हा संकेतार्थ. स्पॅनिशमध्ये शेवटच्या दोघांचं बरंचसं काम एकच घराणं करतं, ते म्हणजे सबजंक्टिव्ह, त्यांच्या भाषेत सुब्हुन्तीबो. त्याचं भूतकाळाच्या अंगाने जाणारं रूप म्हणजे इम्पर्फेक्ट सबजंक्टिव्ह.

घडलेली गोष्ट सांगायची असेल तर हे रूप लागत नाही. घडावी असं वाटत होतं, घडली असती तर बरं झालं असतं, घडेल याची खात्री नव्हती, घडण्याआधी आपण निघालो, अशा ठिकाणी ते लागतं.

माझं ठाम मत असं की हा धडा इंग्रजीतून शिकू नये. इंग्रजीत ही रूपं जवळजवळ झिजून गेली आहेत, त्यामुळे इंग्रजी पुस्तक एकेका वाक्याला वेगळी युक्ती सांगतं आणि विद्यार्थी युक्त्या पाठ करत बसतो. मराठीत ‘यावं’, ‘खावं’, ‘बसावं’ रोज तोंडात असतं. मालवणीत बोलणाराही ‘तो इलो असतो तर’ म्हणताना क्षणभर थांबत नाही. म्हणजे कुठे वापरायचं याची जाण आपल्याकडे आधीच आहे. शिकायची आहेत ती रूपं, आणि काही मोजक्या जागी बदलणाऱ्या सवयी.

नियमित क्रियापदाचं रूप कसं करायचं?

साध्या भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्या. शेवटचं ‘रोन’ काढून टाका. उरलेल्या भागाला रा, रास, रा, रामोस, राइस, रान हे प्रत्यय लावा.

आब्लार म्हणजे बोलणे. ‘ते बोलले’ म्हणजे आब्लारोन. ‘रोन’ गेलं, राहिलं ‘आब्ला’. आता:

यो आब्लारा (मी)
तू आब्लारास (तू)
एल, एया, उस्तेद आब्लारा (तो, ती, आपण)
नोसोत्रोस आब्लारामोस (आम्ही)
बोसोत्रोस आब्लाराइस (तुम्ही, फक्त स्पेनमध्ये)
एयोस, उस्तेदेस आब्लारान (ते, तुम्ही सगळे)

त्यांचा ‘तू’ आपल्या ‘तू’सारखाच, निदान हा एक शब्द तरी फुकट मिळाला.

कोमेर म्हणजे खाणे. ‘ते जेवले’ म्हणजे कोम्येरोन, म्हणून कोम्येरा, कोम्येरास, कोम्येरा, कोम्येरामोस, कोम्येराइस, कोम्येरान. बिबीर म्हणजे राहणे, जगणे. बिब्येरोनवरून बिब्येरा, बिब्येरास, बिब्येरा, बिब्येरामोस, बिब्येराइस, बिब्येरान.

इतकंच. वर्तमानकाळाच्या सबजंक्टिव्हमध्ये ‘आर’वाल्यांना (आब्लारसारख्या ‘आर’ने संपणाऱ्या क्रियापदांना) ए आणि ‘एर’वाल्यांना आ अशी जी उलटापालट करावी लागते, ती इथे नाही. म्हणूनच हे रूप वर्तमानकाळाच्या सबजंक्टिव्हपेक्षा सोपं आहे असं मी म्हणते, आणि वर्गात कुणी विश्वास ठेवत नाही.

म्हणजे ‘एर’ आणि ‘इर’ यांत काहीच फरक नाही?

नाही. दोन्हींकडे ‘येरा’. चूक होते ती ‘कोमेरा’ म्हणण्याची, कारण ‘आब्लारा’च्या चालीवर जीभ तशी वळते. ‘ये’ सोडू नका. बेबेर (पिणे) बेब्येरा, बेन्देर (विकणे) बेन्द्येरा, सुबीर (चढणे) सुब्येरा, आब्रीर (उघडणे) आब्र्येरा.

मी आणि तो यांची रूपं सारखी आहेत. कोण बोललं हे कसं कळणार?

संदर्भाने कळतं. नाही कळलं तर सर्वनाम म्हणायचं: के यो कोम्येरा (मी खावं), के एया कोम्येरा (तिने खावं). लिंगाची भानगड मात्र नाही. मराठीत ‘आला असता, आली असती, आलं असतं’ असं सांभाळावं लागतं, इथे बाई-बुवा सगळ्यांना एकच रूप.

जोर कुठे द्यायचा? आणि ती तिरकी रेघ कधी काढायची?

हा प्रश्न लोक कमी विचारतात आणि मार्क इथेच जातात.

आब्लारा या शब्दात तीन अक्षरं: आ, ब्ला, रा. सबजंक्टिव्हमध्ये जोर मधल्या ‘ब्ला’वर. जोर शेवटच्या ‘रा’वर गेला की तोच शब्द ‘तो बोलेल’ असा भविष्यकाळ होतो, आणि लिहितानाही त्या शेवटच्या आ-वर तिरकी रेघ येते. तसंच आब्लारास आणि आब्लारान यांचं. देवनागरीत ही जोडी सारखीच दिसते, म्हणून वहीत लिहिताना जोराच्या अक्षराखाली रेघ मारायची सवय लावा. मराठीत शब्दातल्या जोराने अर्थ बदलत नसल्यामुळे आपल्या कानाला हा फरक सुरुवातीला जाणवतच नाही. मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय तो बसत नाही.

‘एर’, ‘इर’ क्रियापदांत हा घोळ होत नाही, कारण भविष्यकाळ कोमेरा आणि सबजंक्टिव्ह कोम्येरा, ‘ये’मुळे शब्दच वेगळा.

तिरकी रेघ या सहा रूपांपैकी फक्त ‘आम्ही’ला लागते. आ-ब्ला-रा-मोस, जोर ‘ब्ला’वर, म्हणून तिथल्या आ-वर रेघ. को-म्ये-रा-मोस, बि-ब्ये-रा-मोस यांत ‘ये’मधल्या ए-वर. बाकीच्या पाच रूपांवर रेघ काढली तर चूक.

पेन्सार, बोल्बेर यांच्यासारखी आतला स्वर बदलणारी क्रियापदं इथेही बदलतात का?

‘आर’ आणि ‘एर’वाली बदलत नाहीत. पेन्सार (विचार करणे) वर्तमानकाळात प्येन्सो होतं, पण ‘ते’चा भूतकाळ पेन्सारोन, म्हणून पेन्सारा. बोल्बेर (परतणे) बोल्ब्येरा. पेर्देर (हरवणे) पेर्द्येरा. प्रोबार (चाखणे) प्रोबारा.

‘इर’वाल्यांत काही बदलतात. पेदीर (मागणे) पिद्येरोन, म्हणून पिद्येरा. दोर्मीर (झोपणे) दुर्म्येरोन, म्हणून दुर्म्येरा. हे वेगळं पाठ करायची गरज नाही, ‘ते’चं रूप बरोबर आलं की पुढचं आपोआप येतं.

आणि पूर्ण अनियमित क्रियापदं?

त्यांनाही हाच नियम लागतो आणि त्याला अपवाद नाही. तेनेर (जवळ असणे) तुब्येरोन, तुब्येरा. देसीर (सांगणे) दिहेरोन, दिहेरा. केरेर (हवं असणे) किस्येरोन, किस्येरा. सेर (असणे) आणि ईर (जाणे) दोघांचं फुएरोन, म्हणून दोघांचं फुएरा. गंमत म्हणजे ‘बाहेर’ या अर्थाचा शब्दही फुएराच.

तेव्हा ज्याचं अडतं त्याचं सबजंक्टिव्हमुळे नव्हे, साध्या भूतकाळामुळे अडतं. तो कच्चा असेल तर आधी तिकडे जा.

बुस्कार (शोधणे), येगार (पोचणे) यांच्या स्पेलिंगचं काय?

काही होत नाही. स्पेलिंग बदलतं ते भूतकाळातल्या ‘मी’च्या रूपात. आपण ‘ते’चं रूप घेतो, तिथे बदल नाही: बुस्कारा, येगारा, एम्पेसारा. लेएर (वाचणे) मात्र लेयेरोन, लेयेरा.

पुस्तकात आब्लासे, कोम्येसे असंही दिलं आहे. हे काय नवीन?

त्याच रूपाचा दुसरा अवतार. ‘रा’च्या जागी ‘से’: आब्लासे, आब्लासेस, आब्लासे, आब्लासेमोस, आब्लासेइस, आब्लासेन. बहुतेक ठिकाणी अर्थात फरक नाही आणि दोन्ही शुद्ध आहेत. लॅटिन अमेरिकेत बोलण्यात ‘रा’च चालतं, स्पेनमध्ये दोन्ही ऐकू येतात, पण तिथेही ‘रा’ पुढे. तुम्ही ‘रा’ बोला, ‘से’ ओळखता आलं की पुरे. वाचायला घेतलेल्या गोष्टीत ‘आब्लासे’ दिसलं की ‘आब्लास्ते’ (तू बोललास) समजून पुढे जाऊ नका.

एका ठिकाणी मात्र ‘से’ चालत नाही. नम्रपणे काही मागताना किस्येराच म्हणायचं.

दोन रूपं आली कुठून, तर लॅटिनमधून, दोन वेगवेगळ्या वाटांनी. ‘से’वालं लॅटिनच्या आमाविस्सेम या सबजंक्टिव्हमधून आलं. ‘रा’वालं आमावेराम या साध्या पूर्णभूतकाळातून आलं, म्हणजे ‘केलं होतं’ या अर्थाच्या रूपातून. त्याची खूण स्पॅनिश वर्तमानपत्रांत अजून दिसते. ‘एल के फुएरा प्रेसिदेन्ते’ असं छापून येतं तेव्हा तिथे कसलीही इच्छा किंवा शंका नसते, ‘जे अध्यक्ष होते ते’ एवढाच अर्थ.

आमच्या घरी आजोबा गोव्यात शिकलेले, त्यांना पोर्तुगीज येतं. त्याचा उपयोग होईल?

थोडा होईल, थोडा त्रास होईल. पोर्तुगीजमध्ये ‘मी बोललो असतो तर’ला फालास असं म्हणतात, म्हणजे त्यांनी ‘से’ची शाखा ठेवली. त्यामुळे आजोबांना आब्लासे लगेच ओळखीचं वाटेल. पण पोर्तुगीजमध्ये फालारा हे रूपही आहे आणि त्याचा अर्थ ‘बोलला होता’, तोही पुस्तकी भाषेत. आजोबा आब्लाराचा अर्थ तसा लावतील, आणि लॅटिनच्या हिशेबाने त्यांचं चूकही नाही. शिवाय पोर्तुगीजमध्ये भविष्यकाळाचं सबजंक्टिव्ह अजून रोजच्या वापरात आहे, स्पॅनिशमध्ये ते कायद्याच्या कागदांपुरतं उरलं आहे. तेव्हा आजोबांकडून शब्द घ्या, रूपं नको.

‘जर-तर’ची वाक्यं मला कधीच जमत नाहीत. कुठे चुकतं?

मराठीमुळे चुकतं. मराठी दोन्ही भागांत एकच ठेवण वापरते: ‘पाऊस पडला असता तर आम्ही मासे पकडायला गेलो नसतो.’ इकडे ‘असता’, तिकडे ‘नसतो’. म्हणून आपण स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे एकच रूप टाकतो.

स्पॅनिशमध्ये वाटणी ठरलेली आहे. ‘सि’च्या (म्हणजे ‘जर’च्या) बाजूला ‘रा’, दुसऱ्या बाजूला ‘रीआ’.

सि आब्लारा एस्पान्योल, त्राबाहारीआ एन उन क्रुसेरो.
मला स्पॅनिश येत असतं तर मी क्रूझवर नोकरी केली असती.

‘सि आब्लारीआ’ म्हटलं की गेलं. स्पेनच्या उत्तरेत, बास्क प्रदेशात आणि बुर्गोसच्या बाजूला लोक बोलताना असं म्हणतात, पण ते प्रमाण धरलं जात नाही आणि परीक्षक बुर्गोसचा निघेल या भरवशावर राहू नये.

दुसरी अडचण काळाची. वरचं मराठी वाक्य आजच्या परिस्थितीबद्दलही असू शकतं आणि दहा वर्षांपूर्वी हुकलेल्या नोकरीबद्दलही. मराठी ते संदर्भावर सोडते, स्पॅनिश सोडत नाही. आजची गोष्ट असेल तर आब्लारा आणि त्राबाहारीआ. गेलेली, आता काही करता न येणारी गोष्ट असेल तर सि उब्येरा आब्लादो, आब्रीआ त्राबाहादो. इथे उब्येरा हे आबेर या क्रियापदाचं आपल्याच नियमाने झालेलं रूप आहे. आणि नेमकं याच गेलेल्या गोष्टीच्या वाक्यात स्पॅनिश लोक दोन्हीकडे उब्येरा वापरतात: सि उब्येरा आब्लादो, उब्येरा त्राबाहादो. म्हणजे मराठीची सवय इथे चालून जाते. पण एवढ्याच खोलीत, बाकी घरात नाही.

तिसरं, ‘सि’नंतर वर्तमानकाळाचं सबजंक्टिव्ह या ‘जर’च्या अर्थाने कधीच येत नाही.

मग ‘उद्या पाऊस पडला तर’ याला सि युएबे म्हणायचं की सि योब्येरा?

तुम्ही कुठे आहात आणि कुठला महिना आहे त्यावर अवलंबून.

सि युएबे म्हणजे पाऊस पडणं सहज शक्य आहे, पडला तर पुढचं ठरवू. सि योब्येरा म्हणजे पडेल असं बोलणाऱ्याला फारसं वाटत नाही, कल्पना करून बोलतोय. गुहागरला जानेवारीत कुणी अंगणात सुपारी वाळत घातली असेल तर सि योब्येरा ठीक आहे: समजा पडलाच तर. पण जुलैच्या मध्यावर रत्नागिरीत खिडकीबाहेर बघत सि योब्येरा मान्याना म्हणालात तर व्याकरण शुद्ध असूनही ऐकणारा हसेल. तेव्हा युएबेच.

मराठीत दोन्हीला ‘पडला तर’ चालतं. हा फरक म्हणून मराठीत शोधू नका, मनातली शक्यता तपासा. आणि भूतकाळासारखं दिसणारं रूप उद्यासाठी कसं, असा प्रश्न पडला असेल तर ‘उद्या पडला तर’ यातलं ‘पडला’ स्वतःच पुन्हा एकदा वाचा.

‘त्याने यावं असं वाटतं’ आणि ‘त्याने यावं असं वाटत होतं’, दोन्हींत ‘यावं’च आहे. स्पॅनिशमध्येही एकच रूप नको का?

नको, आणि मराठी माणसाची सगळ्यात चिवट चूक ही आहे. आपलं ‘यावं’ काळाला दाद देत नाही. आज वाटो, काल वाटो, ‘यावं’ जागचं हलत नाही. स्पॅनिशमध्ये मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की मागच्या क्रियापदालाही जावं लागतं.

केरो के कोमास मास पेस्कादो. तू जास्त मासे खावेस असं मला वाटतं.
केरीआ के कोम्येरास मास पेस्कादो. तू जास्त मासे खावेस असं मला वाटत होतं.

केरीआ, पिद्यो (मागितलं, विनंती केली), दिहो (सांगितलं), नो क्रेईआ (विश्वास नव्हता), दुदाबा (शंका होती), एस्पेराबा (आशा होती), एरा नेसेसार्यो (गरज होती), यांपैकी काही आलं आणि पुढे ‘के’ने दुसऱ्याच माणसाचं काम जोडलं की हात आपोआप ‘रा’कडे गेला पाहिजे. मे गुस्तारीआ (मला आवडेल) यामागेही ‘रा’च येतं, जरी ते भूतकाळात नसलं तरी: मे गुस्तारीआ के मे यामारास, तू मला फोन केलास तर मला आवडेल. बोलताना हे फार लागतं.

‘दुसऱ्याच माणसाचं’ हे महत्त्वाचं. स्वतःचीच इच्छा स्वतःबद्दल असेल तर सबजंक्टिव्ह लागत नाही, मूळ क्रियापद तसंच येतं: केरीआ कोमेर. मराठीतही नेमकी हीच फाळणी आहे. ‘मला खायचं होतं’ एक, आणि ‘तू खावंस असं मला वाटत होतं’ दुसरं. ‘मी खावं असं मला वाटत होतं’ असं आपण सहसा म्हणत नाही. जिथे मराठीत ‘-आवं’ तोंडात येतं तिथे सबजंक्टिव्ह, जिथे ‘-यचं’ येतं तिथे मूळ रूप. ही खूण बऱ्याच वाक्यांत कामी येते आणि कुठल्याही इंग्रजी पुस्तकात ती सापडणार नाही.

‘तांडेल (बोटीचा प्रमुख) म्हणाला, थांबा’ असं सांगायचं असेल तर?

मराठीत आपण दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं ठेवून देतो. ‘तांडेल म्हणाला थांबा, म्हणून आम्ही धक्क्यावर थांबलो.’ स्पॅनिशमध्ये गोष्ट सांगताना ते वाक्यात विरघळवतात:

एल पात्रोन नोस पिद्यो के एस्पेरारामोस एन एल मुएये.

मच्छीमार बोटीच्या तांडेलाला तिकडे पात्रोन म्हणतात. थांबा हा हुकूम होता, तो दुसऱ्यापर्यंत पोचवताना ‘रा’ झाला. पण तांडेलाने हुकूम न देता नुसती बातमी दिली असेल, जसं की १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, तर तिथे सबजंक्टिव्हचं काम नाही. देसीर या एका क्रियापदात दोन्ही अर्थ आहेत: दिहो के एस्पेराबान म्हणजे ‘ते थांबलेत असं तो म्हणाला’, आणि दिहो के एस्पेरारान म्हणजे ‘त्यांनी थांबावं असं तो म्हणाला’. पुन्हा तेच ‘थांबावं’.

होमस्टेवर पाहुण्यांशी बोलताना हे खरंच लागतं का?

लागतं, आणि याच कामासाठी मी ते सर्वांत आधी शिकवते. पाहुण्यांना थेट हुकूम करणं बरं दिसत नाही. आपणही ‘चपला काढा’ म्हणण्याऐवजी ‘चपला बाहेर काढल्यात तर बरं होईल’ म्हणतो. तसंच:

ले आग्रादेसेरीआ के देहारा लोस सापातोस फुएरा. चपला बाहेर ठेवल्यात तर आभारी राहीन.
नोस गुस्तारीआ के प्रोबारान ला सोलकढी. आमची सोलकढी चाखून बघावी.
आ के ओरा किस्येरान देसायुनार? नाश्ता किती वाजता हवा?

उस्तेदला एकवचनी ‘रा’, अनेक पाहुण्यांना ‘रान’. सोलकढीचं भाषांतर करत बसू नका, ती स्त्रीलिंगी धरून ‘ला’ लावा आणि पेला पुढे करा.

एक अपवाद लक्षात ठेवा. सेरीआ मेहोर के नो नादारान आकी, म्हणजे ‘इथे पोहला नाहीत तर बरं’, हे वाक्य सुंदर आहे, पण गणपतीपुळ्यासारख्या ओढ असलेल्या समुद्रात कुणी उतरताना दिसलं तर ते म्हणत बसू नका. नो नादेन आकी! असं ओरडून सांगा.

ओहाला आणि कोमो सि?

ओहाला म्हणजे ‘देव करो’, शब्द मूळचा अरबीतून आलेला. पुढे वर्तमानकाळाचं सबजंक्टिव्ह आलं तर आशा जिवंत आहे. ‘रा’ आलं तर बोलणाऱ्याने अर्धी सोडली आहे: ओहाला देहारा दे योबेर, पाऊस थांबता तर!

कोमो सि म्हणजे ‘जणू’. त्यामागे वर्तमानकाळाचं रूप नाही, ‘रा’ लावायचं: आब्ला कोमो सि बिब्येरा एन माद्रिद, बोलतो असा जणू माद्रिदलाच राहतो.

‘च्या आत’, ‘म्हणून’ वगैरे?

आन्तेस दे के (च्या आधी) आणि पारा के (यासाठी की) यांच्यामागे सबजंक्टिव्ह ठरलेलंच, आणि गोष्ट भूतकाळातली असेल तर ‘रा’. बोल्बिमोस आन्तेस दे के सुब्येरा ला मारेआ, भरती यायच्या आत आम्ही परतलो. भरती प्रत्यक्षात आली तरी फरक पडत नाही, परतलो तेव्हा ती यायची होती.

बोसोत्रोसचं रूप शिकायलाच हवं का?

बार्सिलोना, आल्हेसिरास असल्या बंदरांत उतरणार असाल तर ऐकून कळण्यापुरतं. बाल्पाराईसो, काय्याओ, बेराक्रूस इकडे जाणार असाल तर उस्तेदेसवर भागतं. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘बोस’ म्हणतात, पण या काळात रूप तेच राहतं: बोस आब्लारास.

परीक्षेत हे कुठल्या पातळीला येतं?

इन्स्तितुतो सेर्बान्तेस या स्पेनच्या सरकारी भाषासंस्थेच्या अभ्यासक्रमात हे बी-दोन पातळीला (सहांपैकी चौथ्या) आहे. किस्येरा हा तयार शब्द म्हणून त्याच्या खूप आधी भेटतो. बी-एकची तयारी करताना वाचनात ओळखता आलं तरी पुरे.

सरावाला काही वाक्यं द्या, उत्तरांसकट.

आधी उत्तर झाकून स्वतः म्हणून बघा, मोठ्याने.

तू लवकर यावंस असं आजीला वाटत होतं.
ला आबुएला केरीआ के येगारास तेम्प्रानो.

तांडेलाने आम्हाला जाळं वर उचलायला सांगितलं.
एल पात्रोन नोस पिद्यो के लेबान्तारामोस ला रेद. (जोर ‘ता’वर, रेघही तिथेच.)

आंबे जानेवारीत पिकत असते तर आम्ही ते महाग विकले असते.
सि लोस मांगोस मादुरारान एन एनेरो, लोस बेन्देरीआमोस मास कारोस. (मादुरारानमध्ये जोर मधल्या ‘रा’वर. शेवटच्या ‘रान’वर गेला तर ते भविष्यकाळात पिकतील.)

बोट सुटायच्या आत आम्ही तिकिटं काढली.
कोम्प्रामोस लोस बियेतेस आन्तेस दे के साल्येरा एल बार्को.

मला मासे खायचे होते.
केरीआ कोमेर पेस्कादो. इथे ‘रा’ लावला असेल तर ‘-आवं’ आणि ‘-यचं’वाला प्रश्न पुन्हा वाचा.